मदत हवी आहे: पोटातली मुख्य शीर जन्मतःच नाही, पायांत गुठळ्या, रक्त पातळ करणारी गोळी कायमची घ्यावी लागते का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय 24, आम्ही नागपूरचे. कबड्डी खेळणारा पोरगा, कसलंही व्यसन नाही. दिवाळीनंतर जिममध्ये जोराचा व्यायाम झाला, कंबर धरली आणि मग दोन्ही पाय मांडीपर्यंत सुजले. सुरुवातीला स्नायू आखडला म्हणून मलमावर भागवलं गेलं. धंतोलीत डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्यावर दोन्ही पायांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या.

एवढ्या तरुण मुलाला, तेही दोन्ही बाजूंना, म्हणून डॉक्टरांनी सीटी व्हेनोग्राफी (शिरांचं सीटी स्कॅन) करायला लावली. त्यात कळलं की इन्फिरिअर व्हेना काव्हा ही पायांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी पोटातली मोठी शीर मूत्रपिंडांच्या खाली तयारच झालेली नाही. पायांचं रक्त आजूबाजूच्या लहान शिरांतून आणि पाठीच्या बाजूच्या अझायगस शिरेतून वळसा घेऊन वर जातं. त्याच्या पोटावर निळ्या दोऱ्यांसारख्या शिरा दिसतात, त्या यामुळेच. सिकलसेल (आपल्या विदर्भात ती तपासणी करतातच) आणि गुठळ्यांच्या आनुवंशिक दोषांचे रिपोर्ट ठीक आहेत.

आधी रक्त पातळ करणारी इनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं झाली. मग त्याच कामाची रिव्हरॉक्सबॅन गोळी, 15 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा 21 दिवस, आणि आता 20 मिलिग्रॅम रोज रात्री जेवणासोबत. गुठळी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून बसवतात त्या फिल्टरचंही विचारलं, पण जिथे तो बसवायचा ती शीरच नाही.

आता खरी अडचण. एक डॉक्टर म्हणतात, सहा महिने घ्या, मग बंद करून बघू. दुसरे म्हणतात, मूळ कारण कायम राहणार, तर गोळीही कायम हवी. मला दुसरं पटतं. भाऊ मात्र म्हणतो, "मले आता काही होत नाही, काहून खाऊ गोळ्या?" पण संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा अजूनही बराच वेळ राहतो.

घरात कुणाला हाच त्रास असेल तर कृपया सांगा. गोळी थांबवल्यावर पुन्हा गुठळी झाली का? वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा डोस पुढे कमी केला का? खर्चामुळे ॲसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळीवर जायचं का, हाही प्रश्न आहे. ती स्वस्त आहे, पण आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायला सारखं रक्त तपासावं लागतं, पालक-मेथी कमीजास्त झाली तरी फरक पडतो, आणि हा कामानिमित्त गावोगाव फिरतो. शिवाय अक्कलदाढ काढायची आहे, त्या वेळी गोळीचं काय केलं? नागपूरच्या मे महिन्यात पायांच्या सुजेसाठीचे ते घट्ट दाब देणारे मोजे दिवसभर कसे घालता? कबड्डी तर सुटलीच असं आम्ही धरून चाललोय, पोहणं तरी चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करणार नाही, ती काळजी नको. पुढच्या आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञांना दाखवायचं आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार मदत होईल. व्यनि केला तरी चालेल.