स्मरणरंजन नव्हे, कबुली

कादंबरीतला निसर्ग म्हणजे हरवलेल्या बालपणाचं स्मरणरंजन, असं कुणीकुणी म्हणतं. पुष्कळ ठिकाणी खरं आहे, आपल्याकडच्या ग्रामीण लेखनात तर भरपूरच. पण बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची बंगाली कादंबरी 'आरण्यक' (१९३९) त्या चौकटीत बसत नाही.

तिथला निवेदक सत्यचरण बिहारच्या जंगलात जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून जातो. काम काय, तर जंगलाची जमीन कुळांना वाटायची. म्हणजे जे चांदणं नि रान तो पानोपानी आठवतो, ते त्याच्याच हाताखाली तुटलेलं आहे. तो ते कबूलही करतो. आणि त्याच रानात युगलप्रसाद नावाचा माणूस कुठून कुठून बिया, वेली आणून सरस्वती कुंडाकाठी लावत बसतो, फायदा शून्य! मला ती पानं सगळ्या वर्णनांपेक्षा जास्त बोचतात.

अमिताव घोष यांच्या सुंदरबनात घडणाऱ्या 'द हंग्री टाइड' या इंग्रजी कादंबरीत (२००४) तर जमीनच काही धरून ठेवत नाही, भरती सगळं पुसते. १९७९ मध्ये मरिचझापी बेटावरून निर्वासितांना बळाने हुसकावलं गेलं, त्याची हकीकत निर्मल या शिक्षकाच्या वहीत उरते, पुढे वादळात ती वहीही पाण्यात जाते. फोकीर या कोळ्याला पाठ असलेल्या खाड्या मात्र डॉल्फिनची अभ्यासक पिया हिच्या जीपीएस यंत्रात नोंदल्या गेलेल्या असतात. (हे जरा फारच सोयीचं वाटतं, पण असो.)

मराठीत विश्वास पाटलांची 'झाडाझडती' ही धरणग्रस्तांवरची कादंबरी या अंगाने पुन्हा वाचायला हवी. धरणाखाली गेलेल्या गावाची आठवण तिथे हळवी नाही, चिडलेली आहे.