मुलाला बांगीत नोकरी : कोणी राहिलंय का तिथे?

नमस्कार. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मुलाला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, बांगीला दोन वर्षांचं काम मिळालंय. नकाशात शहर नदीला चिकटलेलं दिसतं नि पलीकडे लगेच दुसरा देश. रात्री झोप लागत नाही हो.

वडोदऱ्याहून : काकू, मी तिथे तीन वर्षं काढली. नदी उबांगी. समोर काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं झोंगो गाव. लाकडी होड्यांतून माणसं नि माल ये-जा करतात, पण पलीकडे नोटाही वेगळ्या. वरच्या अंगाला खडकांवरून पाणी उसळतं, बांगी हे नावच त्यावरून पडलं. मोठ्या बोटी दुसऱ्या काँगोच्या, म्हणजे काँगो प्रजासत्ताकाच्या राजधानी ब्राझाव्हिलहून इथवर येतात, सुमारे १२०० किलोमीटर. पाणी उतरलं की त्या अडतात. मग कॅमेरूनच्या दुआला बंदरातून येणाऱ्या ट्रकांवर भिस्त. महागाई तेव्हा कळते! डाळ-मसाला इथूनच भरपूर बांधून द्या. फ्रेंच थोडी शिकूनच पाठवा. बाजारात मात्र सांगो ही तिथली भाषा चालते. ‘सिंगीला’ म्हणजे आभारी आहे. हा एक शब्द बोलला की भाजीवाल्या बायका खुलतात.

ग्वाल्हेरहून : ताई, पिवळ्या तापाची लस निघण्याआधी निदान १० दिवस घ्यायला लावा. परतताना भारतातही तो दाखला बघतात. मलेरिया तिथे बारमाही. मच्छरदाणी नि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत. रात्री एकट्याने फिरणं नकोच.

रामबागेतून पुन्हा : मच्छरदाणी आजच आणते. वडोदऱ्याच्या दादा, मेतकूट तिथल्या दमट हवेत टिकेल का?