लोकरीच्या दुकानात वेगळा विदर्भ, आणि दहा टक्के सूट

खांबसाखळी:
नागपूरच्या महाल भागातल्या ज्या दुकानातून मी लोकर घेते, तिथे शनिवारी दुपारी आम्ही काही जणी क्रोशा घेऊन बसतो. दुकानदारकाका कट्टर विदर्भवादी. यंदा १ मेच्या आधी त्यांनी टूम काढली: अकरा जिल्ह्यांचे अकरा चौकोन विणा, जोडून दर्शनी काचेत लावू. यवतमाळला कापसाचं बोंड, भंडाऱ्याला धानाची लोंबी, नागपूरला अर्थातच संत्रं. माझ्या वाट्याला वाशीम. आता वाशीमचं काय काढू, तेही सांगा!

आमच्यातली एक लग्न होऊन पुण्याहून आलेली. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे १ मेला महाराष्ट्र दिन असतो. मी नाही विणणार." काका हसले. पण पुढच्या शनिवारी फळ्यावर खडूने लिहिलेलं: चौकोन विणणाऱ्यांना लोकरीवर दहा टक्के सूट. ती यायचीच बंद झाली.

वेगळा विदर्भ मलाही हवाय. तरी तो फळा डोळ्यांत खुपतो. दुकान बदलू का? पण काका एकाच लॉटचे गुंडे माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात हो. दुसरीकडे अर्ध्या शालीनंतर रंग फिरतो.

वऱ्हाडी_गडी:
काकाचं काय चुकलं राजेहो? १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाले बरोबरीचा वाटा देऊ म्हणाले, त्याचं काय झालं, ते आपण पाहूनच राहिलो. अन् विणकामात राजकारण नको म्हणता? १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच नागपुरातला, त्या झेंड्यावर चरखा होता बापा!
वाशीमले सोयाबीन काढा.

सुई_नंबर_चार:
हे भांडण अमेरिकेत होऊन गेलंय. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्पविरोधी महिला मोर्चासाठी बायकांनी गुलाबी टोप्या विणल्या. जून २०१९ मध्ये रॅव्हेलरी या विणकामाच्या मोठ्या संकेतस्थळाने ट्रम्पसमर्थनाच्या मजकुरावर बंदीच घातली. पण त्या नियमातच लिहिलं होतं की समर्थक असाल तरी खुशाल राहा, फक्त इथे ते बोलू नका. बंदी मला पटली नव्हती. तरी तिथे निदान मत आणि माणूस वेगळे धरले होते. तुमचे काका मत बघून भाव लावताहेत.

लेसवाला_इतवारी:
माझंही दोरा-लेसचं दुकान आहे. रामनवमीच्या आधी भगवी लेस जाते, १४ एप्रिलच्या आधी निळी. कोणत्या घरात काय जातं ते कळतं, बोलायचं नसतं. काचेत काय लावायचं ते मालकाने ठरवावं, त्यात काही वाईट नाही. पण एकाच गुंड्याचे दोन भाव? बायका घरी जाऊन बिलं जुळवतात, साहेब. माझं मत ऐकायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत भेटा, बडग्यापुढे, म्हणजे टीकेच्या पुतळ्यापुढे, नाचताना ओरडून सांगतो. गल्ल्यावर नाही.

खांबसाखळी:
@वऱ्हाडी_गडी, सोयाबीन पक्कं. शेंगा मुक्या खांबांत, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांत, उठून दिसतील.
दुकान सोडत नाही. शनिवारी काकांना सांगते, सूट द्यायची तर सगळ्यांना, नाहीतर फळा पुसा. तोवर वाशीम माझ्या पिशवीत. दहा जिल्ह्यांचा विदर्भ काचेत लावायला काकांना जमणार नाही.