फ्रेंच 'आव्वार'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : 'आव्वार'ची रूपं पाठ झाली, पण वाक्य करताना अडतं. याला नेमका मराठी प्रतिशब्द कोणता?

– एक असा नाही, शोधूही नका. आपल्याकडे छत्री 'माझ्याकडे' असते, बहिणी 'मला' असतात, भूक तर 'लागते'. फ्रेंचमध्ये तिन्ही ठिकाणी आव्वारच. 'जे फँ' म्हणजे मला भूक लागलीय, 'जे फ्र्वा' म्हणजे थंडी वाजतेय. वयही त्यातच: 'जे व्हँ ताँ', मी वीस वर्षांचा. इथे हात हमखास 'एत्र'कडे (असणे) जातो. 'इल या' म्हणजे नुसतं 'आहे' किंवा 'आहेत'. बोलण्याच्या ओघात त्याचं 'या' एवढंच उरतं.

आणि पाठ केलेली रूपं मोठ्याने म्हणा. 'इल जों' (त्यांच्याकडे आहे) मधला ज आपल्या 'जरा'तला. त्याचा स झाला की 'इल सों', म्हणजे 'ते आहेत'. कागदावर हे कळत नाही.

– भूतकाळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तिथे आव्वार सहायक क्रियापद होतं, आणि तिथे मराठी माणसाला आयता फायदा आहे. 'मी पत्र लिहिलं', 'मी चिठ्ठी लिहिली'. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. फ्रेंच यातलं अर्धंच करते. 'जे एक्री ला लेत्र' यात कर्म नंतर आलंय, म्हणून 'एक्री' तसंच राहतं. कर्म आधी आलं की 'ला लेत्र क जे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी. 'लेत्र' स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी त ऐकू येतो. 'जाणे', 'येणे' अशी काही क्रियापदं मात्र एत्र घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात, अगदी आपल्या 'ती गेली'सारखी. कर्तरी-कर्मणी शाळेत रटलं होतं ते असं कामी येतं!

कर्म आधी असण्याची ही अट 16 व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत मांडली.

– पण बोलताना बरेच फ्रेंच लोकच तो त गाळतात की.

– गाळतात. शिवाय बहुतेक क्रियापदांत हा फरक कानाला कळतच नाही, फक्त लिहिताना दिसतो. परीक्षेत मात्र गुण कापतात, तेव्हा लिहिताना पाळा.