मदत हवी आहे: गेम खेळताना बोलणाऱ्या माझ्या मुलासाठी सोबती

नमस्कार मंडळी. मी देवगडची. मुलगा ११ वर्षांचा, ऑटिस्टिक. वाडीतली पोरं क्रिकेटला हाका मारतात तेव्हा हा पडवीत खांबामागे. पण गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलत भावाने त्याला माइनक्राफ्ट दाखवलं, आणि आता दर रविवारी दोघं फोन स्पीकरवर ठेवून खेळतात. परवा चक्क म्हणाला, "थांब, आधी तू सांग!" माझ्या हातातली पळी तशीच राहिली. नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि बोलायला विषय समोरच असतो, म्हणून जमत असावं.

आता आणखी दोघं-तिघं जोडावीत असं मनात आहे. डिस्कॉर्डला (गेम खेळताना गप्पा मारायचं ॲप) वयाची अट १३ वर्षं, आणि अनोळखी माणसांचे आवाज घरात नकोतच. ऑटिस्टिक मुलांसाठी २०१३ पासून ऑटक्राफ्ट नावाचा माइनक्राफ्ट सर्व्हर आहे, पण तिथला कारभार इंग्रजीत. आमचा गडी मालवणीत भांडणारा!

कुणी फक्त ओळखीच्या मुलांचा असा ग्रुप कॉल चालवलाय का? एकदम तीन आवाज आले की हा कान झाकतो. "आपली पाळी आली की माइक चालू" हे कसं शिकवलंत? मोठ्यांनी कॉलवर थांबावं, की बाजूच्या खोलीतून कान द्यावा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात याच वयाचं कुणी असेल तर मेसेज करा. वेळ रविवारी सकाळी दहाची. लाइट असली तर, अर्थात.