इम्प्लांट ‘तुटलं’, ‘सुटलं’ की ‘सैल झालं’?

प्रश्न : दातांच्या इम्प्लांटवरच्या, म्हणजे दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात त्या टायटॅनियमच्या खुंटीवरच्या, मराठी लेखांत ‘धातूचा थकवा’ आणि ‘हाडाची झीज’ हे शब्द सारखे भेटतात. धातू थकतो कसा? आणि हाडाला झीज म्हणावं का?

प्रतिसाद १ : थकवा हा शब्द चालेल, फक्त हा थकवा विश्रांतीने उतरत नाही. चावण्याचा एकेक दाब टायटॅनियम सहज पेलतं. पण तोच दाब लाखो वेळा, त्यातही तिरका पडत राहिला की ताण एकवटतो तिथे बारीक चीर पडते. ती पुढे सरकत राहते आणि एखाद्या दिवशी साधा घास चावताना इम्प्लांट मोडतं. मोडलेला भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर चीर टप्प्याटप्प्याने सरकल्याच्या समांतर रेघा दिसतात. दात खाण्याची सवय असेल किंवा इम्प्लांट कमी जाडीचं असेल तर धोका वाढतो.

‘झीज’ मात्र मला खटकते. झिजतं ते घासून. इथे हाड घासलं जात नाही, अस्थिभक्षक पेशी ते विरघळवतात आणि नवं हाड त्या वेगाने तयार होत नाही. म्हणून ‘हाडाची घट’ म्हणावं. बहुतेकदा यामागे जंतूंमुळे आलेली सूज असते. नुसत्या जादा भाराने हाड घटतं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. इम्प्लांटच्या वरच्या टोकाभोवतीचं हाड घटून खाली गेलं की इम्प्लांटचा उघडा भाग लांबतो आणि त्याला वाकवणारा जोर वाढतो. वरची कॅप (कृत्रिम दात) धरणारा स्क्रू आत बसवायला इम्प्लांट पोकळ असतं, तिथली भिंत पातळ. हाडाची पातळी तिथवर उतरली की आधार जातो आणि नेमकी तीच जागा मोडते. आयएसओ १४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या थकवा-चाचणीत इम्प्लांट ३० अंशांत तिरकं धरतात आणि ३ मिमी हाड आधीच गेलंय असं मानतात, ते याचसाठी.

प्रतिसाद २ : माझ्या मते सगळ्यात घोटाळा करणारा शब्द ‘हलतंय’ हा आहे. स्क्रू ढिला झाला तर वरची कॅप हलते, इम्प्लांट पक्कंच असतं. याला ‘सैल झालं’ म्हणावं. हे दुरुस्त होतं, पण दुर्लक्ष करू नये, कारण सैल स्क्रूमुळे भार वाकडा पडतो. ‘तुटलं’ म्हणजे वरचा तुकडा हलतो आणि खालचा हाडात घट्ट राहतो, इतका की तो काढायला बहुधा भोवतालचं हाड कापावं लागतं. ‘सुटलं’ म्हणजे हाडानेच पकड सोडली. मध्ये मऊ पेशीजाल आलं आणि अख्खं इम्प्लांट हलू लागलं. ते सहसा सहज निघतं.

प्रश्नकर्ता : म्हणजे तुटलेल्या इम्प्लांटला ‘हाडाने नाकारलं’ लिहिणं चूक?

प्रतिसाद २ : हो. तिथे खालच्या तुकड्याभोवती हाडाची पकड बहुधा शाबूत असते. सुटलेल्यालाही मी ‘नाकारलं’ म्हणणार नाही, ‘पकड गेली’ एवढंच म्हणेन.