सोलारिस ९ वर पोस्टग्रेस ८.४ कंपाइल झालं, पण सर्व्हर उठत नाहीये

विहीर_नोंदी:
नमस्कार मंडळी, आमच्या संस्थेच्या जुन्या सन मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. त्यावर (सोलारिस ऑपरेटिंग सिस्टम, पोस्टग्रेस डेटाबेस) गावोगावच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आहेत आणि शेवटचा डम्प (डेटाबेसमधून काढलेली बॅकअप फाइल) फारच जुना. डिस्क शाबूत आहे, अख्खी डेटा डिरेक्टरी कॉपी करून घेतली, पण लिनक्सवर ८.४ टाकून बघितलं तर ते फायली घेतच नाही, म्हणून ओळखीतून दुसरं सन मशीन आणलं, कोरं सोलारिस ९, आणि ८.४.२२ चा सोर्स घेऊन बसलो. साध्या मेकने (सोर्स कंपाइल करायचं टूल) जमलं नाही, जीमेकने (ग्नूचं मेक) झालं, रीडलाइन (कमांड लाइनवर टाइप करायला मदत करणारी लायब्ररी) नव्हती म्हणून विदाउट-रीडलाइन दिलं. सर्व्हर चालू करताना आधी शेअर्ड मेमरीची तक्रार, शमएमएएक्स (कर्नलची शेअर्ड मेमरीची मर्यादा) वाढवून रीबूट केल्यावर ती गेली, आता म्हणतो 'कुड नॉट क्रिएट सेमाफोर्स: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारून बघितलं, डिस्क निम्मी रिकामी आहे. कुठे बघू?

जुना_युनिक्स:
डिस्कचा काही संबंध नाही, सेमाफोर (प्रोसेसना एकमेकांसाठी थांबवणारे कर्नलचे काउंटर) कमी पडतायत. पोस्टग्रेस दर १६ कनेक्शनमागे १७ सेमाफोरचा एक सेट मागतं. जुन्या कॉन्फमध्ये मॅक्स_कनेक्शन्स बहुतेक १०० असेल, त्यात ऑटोव्हॅक्यूमचे (आपोआप साफसफाई करणारे) वर्कर धरले की ७ सेट, म्हणजे ११९, आणि सोलारिस ९ मध्ये सेमएमएनएस (एकूण सेमाफोरची मर्यादा) मुळात ६०च असतो. जुन्या मशीनवर कोणीतरी ईटीसीखालच्या सिस्टम फाइलमध्ये तो वाढवून ठेवला असणार. सोलारिस १० पासून हे प्रोजेक्टमधून (सोलारिसची मर्यादा ठरवायची सोय) होतं, रीबूट लागत नाही, ९ वर लागतो. पण तुम्हाला फक्त डम्प काढायचाय ना? मग कर्नलला हात लावूच नका, मॅक्स_कनेक्शन्स २० करा, ३४ सेमाफोरमध्ये भागतं.

मेधा_डीबीए:
सर्व्हर उठवायच्या आधी जरा थांबा. मशीन अचानक गेलंय, म्हणजे पहिल्या स्टार्टला रिकव्हरी होणार आणि ती पीजी_एक्सलॉग (डेटाबेसमधल्या बदलांची आधीच केलेली नोंद) मधूनच होणार. नाव बघून लोक ती लॉगची डिरेक्टरी समजून उडवतात आणि डेटाबेस हातचा जातो (म्हणूनच २०१७ मध्ये आवृत्ती १० ला तिचं नाव पीजी_वॉल केलं). ती जशीच्या तशी हवी, आणि काम कॉपीच्याही कॉपीवर करा, मूळ डिस्क बाजूला काढून ठेवा.

दुसरं, लिनक्सने फायली घेतल्या नाहीत कारण स्पार्क (सनचा प्रोसेसर) बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी, पीसीच्या उलट) आहे आणि पोस्टग्रेसच्या फायली मशीनप्रमाणे बदलतात. ३२ बिट आणि ६४ बिटचंही तेच. त्या डिरेक्टरीवर पीजी_कंट्रोलडेटा (डेटा डिरेक्टरीची माहिती छापणारं टूल) चालवा आणि 'फ्लोट८ आर्ग्युमेंट पासिंग' ची ओळ बघा. तिथे 'बाय व्हॅल्यू' असेल तर जुना बिल्ड ६४ बिटचा होता आणि तुमचा जीसीसी (कंपायलर) काही न सांगता ३२ बिटचा करतो, मग सेमाफोर सुटले तरी सर्व्हर पुढे अडणारच. वरची डेट/टाइमची ओळपण जुळते का बघा.

विहीर_नोंदी:
मेधाताई, 'बाय व्हॅल्यू'च निघालं! सीसीमध्ये (कंपायलर सांगणारं व्हेरिएबल) जीसीसी -एम६४ देऊन परत कॉन्फिगर केलं, मॅक्स_कनेक्शन्स २०, आणि उठला. लॉगमध्ये रिकव्हरीच्या ओळी सरकताना बघून जिवात जीव आला, डम्प पूर्ण निघालाय. आता लिनक्सवर नवीन पोस्टग्रेसमध्ये चढवताना 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' येतंय, गावांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत.

मेधा_डीबीए:
जुना डेटाबेस एसक्यूएल_आस्की एन्कोडिंगचा असणार, तो बाइट तपासत नाही, जे येईल ते ठेवतो. नवीन डेटाबेसपण टेम्पलेट० (पोस्टग्रेसचा कोरा साचा) वरून एसक्यूएल_आस्कीच बनवा आणि डम्प तसाच चढवा. पातळीचे आकडे लगेच वापरता येतील. गावांच्या नावांचा कॉलम वेगळा काढून त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, मग यूटीएफ८ वाल्या डेटाबेसमध्ये न्या. डम्पमध्ये सरळ फाइंड-रिप्लेस करू नका, त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरंच मराठीची अक्षरं म्हणून वापरलेली असतात, टेबलांची नावंसुद्धा बदलतील.